नवे डाग नाहीत, ही आनंदाचीच बातमी!

ताई, 'एमआरआयमध्ये नवे डाग नाहीत, पण पाय अजून जडच आहे, मग आनंद मानू की नको?' हे तुमचं वाचून गलबलून आलं. माना, अगदी मनापासून माना! मलाही तुमच्यासारखाच मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंचं आवरण खराब करणारा आजार आहे, नऊ वर्षं झाली. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी जुना आणि नवा स्कॅन शेजारी शेजारी लावून दाखवला. तेच पांढरे ठिपके, त्याच जागी. मी ते दोनदा मोजले, मग डोळे भरून आले.

पाय जड वाटतो कारण जुन्या डागांच्या जागी मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण झिजलेलं असतं. तिथून संदेश हळू जातो. उकाड्यात, तापात तर आणखीच. म्हणजे लक्षण राहिलं तरी आजार शांत असू शकतो. कॉन्ट्रास्ट (सूज उजळून दाखवणारं इंजेक्शन) देऊनही एकही डाग उजळला नाही म्हणता, म्हणजे ताजी सूज दिसली नाही. केवढं मोठं आहे हे! या आजाराची चाल मंदावणाऱ्या पहिल्या औषधाला, इंटरफेरॉनला, अमेरिकेत मान्यता मिळाली तीच मुळी १९९३ साली.

फक्त बरं वाटतंय म्हणून औषध स्वतःहून थांबवू नका. आणि पायासाठी फिजिओथेरपीचं पुढच्या भेटीत नक्की विचारा.