शिडाच्या होडीच्या केबिनमधील खिडक्यांची आतली बाजू देखणी कशी करावी?

करवीरचा नाखवा

नमस्कार. माझ्याकडे २२ फुटी, फायबरची, जुनी शिडाची होडी आहे. एरवी ती मालवणला असते. पावसाळ्याआधी ट्रेलरवर घालून फोंडा घाटाने कोल्हापूरला आणतो आणि शिरोलीजवळच्या एका शेडमध्ये उभी करून ठेवतो. त्या काळात केबिनचे काम उरकण्याचा विचार आहे, म्हणून जाणकारांकडून सल्ला हवा आहे.

केबिनला दोन्ही बाजूंना दोन-दोन लांबट खिडक्या आहेत. तावदाने ६ मिमी जाडीच्या अ‍ॅक्रिलिकची, अंदाजे ७०० मिमी लांब आणि २०० मिमी रुंद असून ती केबिनच्या भिंतीवर बाहेरून ठेवून बोल्टांनी आवळलेली आहेत. बाहेरून हे बरे दिसते. आत मात्र प्रत्येक बोल्टाचे टोक आणि नट उघडे आहेत, त्यांतील काहींवर गंज आहे, आणि खिडकीसाठी भिंतीत कापलेल्या भोकाच्या कडेवर बसवलेली रबरी पट्टी वाळून तडकली आहे. भिंतीवरचे फोमचे रेक्झिन आकसल्यामुळे त्याच्या आणि खिडकीच्या मध्ये बोटभर फायबर दिसते, त्यावर पूर्वीच्या मालकाने फासलेल्या सिलिकॉनचे पांढरे ओघळ आहेत. पडदे स्प्रिंगच्या तारेवर आहेत आणि ती तार मधोमध लोंबते.

माझी कल्पना अशी आहे की प्रत्येक खिडकीला आतून सागवानाची गोल कोपऱ्यांची चौकट बसवावी, म्हणजे नट, कड आणि रेक्झिनचा काठ असे सर्वच एकदम झाकले जाईल. हे योग्य ठरेल का? चौकटीची जाडी किती ठेवावी, आणि भिंतीला थोडा बाक असल्यामुळे ती सपाट बसणार नाही, त्याचे काय करावे?

उद्यमनगरचा फिटर

कल्पना चांगली आहे. फक्त चौकटीकडून एकाच कामाची अपेक्षा ठेवावी, ते म्हणजे दिसण्याचे. पाणी अडवण्याचे काम पूर्णपणे तावदान आणि बाहेरची भिंत यांच्यामधल्या सीलंटने केले पाहिजे. आतली चौकट दाबून बसवली म्हणजे गळती थांबेल, या समजुतीने अनेक जण चौकटीच्या मागेही सिलिकॉन भरतात. त्यानंतर बाहेरून शिरलेले पाणी समोर ठिबकत नाही, ते रेक्झिनच्या मागे उतरते, आणि फोमला बुरशी लागल्यावरच आपल्याला कळते. म्हणून चौकट मोजक्या स्क्रूंवर, केव्हाही काढता येईल अशी बसवावी आणि तिच्या खालच्या कडेला मागून दोन बारीक खाचा ठेवाव्यात, म्हणजे गळती झालीच तर पहिल्या सरीतच दिसेल.

आता चौकटीच्या आधीचे काम. बोल्ट काढून एक तावदान उतरवा आणि भोकाची उघडी कड नीट पाहा. या आकाराच्या अनेक होड्यांच्या केबिनची भिंत फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड किंवा प्लाय घालून केलेली असते. बोल्टाच्या भोकांतून वर्षानुवर्षे पाणी गेले असल्यास ते लाकूड काळे व मऊ पडलेले सापडेल. तसे असल्यास कडेपासून १० ते १२ मिमी आतपर्यंत ते कोरून काढावे, राहिलेले पूर्ण वाळू द्यावे आणि सिलिकाची बारीक पूड मिसळून घट्ट केलेले इपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारे राळेसारखे रसायन) भरावे. बोल्टांची भोके नंतर त्या इपॉक्सीतूनच पाडावीत. चौकटीच्या स्क्रूंनाही तिथे चांगली पकड मिळते.

तावदानांवर बारीक जाळीदार भेगा पडल्या असतील, तर आतून कितीही सजवले तरी खिडकी जुनाटच दिसेल. चारही नवी करून घ्या; आपल्याकडे लेझरवर किंवा सीएनसी राऊटरवर अ‍ॅक्रिलिक कापून देणारे सहज मिळतात. मात्र पुढील गोष्टी त्यांना सांगाव्या लागतील, कारण त्यांचे नेहमीचे काम दुकानांच्या पाट्यांचे असते. अ‍ॅक्रिलिक उष्णतेने फार वाढते. ७०० मिमीचे तावदान ४० अंशांच्या फरकाने जवळजवळ २ मिमी लांब होते, आणि फायबर त्या मानाने बरेच कमी वाढते. त्यामुळे तावदानातले भोक बोल्टापेक्षा दीड-दोन मिमी मोठे हवे, बोल्ट सपाट बुडाच्या डोक्याचा आणि वॉशरसह हवा. खोलगट बसणारे, शंकूच्या आकाराचे डोके अ‍ॅक्रिलिकमध्ये पाचरीसारखे काम करते आणि तडा तिथूनच सुरू होतो.

सीलंटबाबत: पॉलिसल्फाइड अ‍ॅक्रिलिकला बाधते, ते वापरू नये. व्हिनेगरसारखा वास येणारे स्वस्त सिलिकॉन धातूला गंजवते. काचेच्या इमारतींसाठी वापरतात ते न्यूट्रल सिलिकॉन, उदाहरणार्थ डाऊसिल ७९५, किंवा प्लास्टिकच्या तावदानांसाठीचे सिकाफ्लेक्स २९५ यूव्ही त्याच्या प्रायमरसह वापरावे. बोल्ट आवळून सगळे सीलंट बाहेर काढू नये. मध्ये सुमारे ३ मिमीचा थर राहिला तरच तो तावदानाच्या हालचालीबरोबर ताणला जाईल. बोल्ट ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. बाजारात सहज मिळणारे ३०४ कोल्हापुरात चकचकीत राहते, मालवणच्या खाऱ्या हवेत त्यावर तांबूस डाग येतात.

देवबाग

वरील बहुतेक मुद्द्यांशी सहमत आहे. लाकडाच्या बाबतीत मात्र माझे मत वेगळे आहे. छोट्या केबिनमध्ये चार जाड सागवानी चौकटी आल्या की जागा आणखी लहान वाटू लागते. शिवाय समुद्रावर मीठ सगळीकडे बसते, मीठ दमटपणा धरून ठेवते, आणि पॉलिशचा थर एकदा कुठे सुटला की त्याखाली लाकूड काळे पडू लागते.

मी सुचवीन ते असे. नवे तावदान धुरकट छटेचे घ्यावे. त्याच्या आतल्या पृष्ठभागावर कडेने ३० मिमी रुंदीचा काळा पट्टा अ‍ॅक्रिलिकला चालणाऱ्या रंगाने रंगवून घ्यावा, जसा मोटारीच्या काचेला असतो. त्यामुळे सीलंट बाहेरून दिसत नाही, आणि उन्हापासून त्याचे रक्षणही होते. आत भोकाची कड इपॉक्सीने गुळगुळीत करून भिंतीच्याच पांढऱ्या रंगात रंगवावी आणि उघड्या नटांच्या जागी सर्व एकाच मापाचे, घुमटाकार टोपीचे नट लावावेत. एका ओळीत, सारख्या अंतरावर असलेले स्वच्छ नट वाईट दिसत नाहीत. रंगवण्यापूर्वी जुन्या सिलिकॉनचा अंशही राहू देऊ नये, कारण त्यावर कोणताच रंग टिकत नाही. आधी धारदार पात्याने खरवडावे आणि मगच घासावे. थेट घासकागद चालवला तर ते सगळीकडे पसरते.

मोटारींच्या दुकानात मिळणारी काळी फिल्म लावण्याचा मोह टाळावा. ती काचेसाठी असते. अ‍ॅक्रिलिकवर तिला बुडबुडे येतात.

करवीरचा नाखवा

दोघांचेही आभार. पुढची उजवी खिडकी उतरवली. भिंतीत प्लाय आहे. खालच्या कडेला तो मऊ झालेला आहे, वरचा ठणठणीत आहे. तेव्हा कोरणे आणि इपॉक्सी भरणे आलेच. तावदाने नवी, धुरकट आणि काळ्या पट्ट्याची करावीत, हेही पटले.

लाकडाचा मोह मात्र सुटत नाही. केबिनमध्ये बाक, पायरी आणि टेबल सागवानाचे आहेत, आणि नुसत्या पांढऱ्या कडेमुळे खिडक्या त्यांच्यापासून तुटक दिसतील असे वाटते. चौकट बारीक ठेवली तर चालेल का? भिंतीचा बाक मोजला: ७०० मिमी लांबीत मधोमध सुमारे ८ मिमीचा फुगवटा आहे. घरी येणाऱ्या सुतारकाकांनी एकाच फळीतून चौकट कोरून देतो असे सांगितले आहे.

पॅटर्नवाला

एका फळीतून कोरू नये, असे सुतारकाकांना आदराने सांगावे. उभ्या बाजूंना लाकडाचे तंतू आडवे येतात आणि ४० मिमी रुंदीची पट्टी तिथे हातातच मोडते. फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न (ओतकामाच्या साच्याला आकार देणारे नमुने) करताना आम्ही गोल कडे कधीच अखंड लाकडातून काढत नाही. तुकडे जोडून एक थर करतो आणि दुसऱ्या थरातले सांधे पहिल्या थरातल्या तुकड्यांच्या मध्यावर येतील असे बसवतो. आपल्या चौकटीसाठी तीच रीत योग्य आहे. कोल्हापुरात फाउंड्र्यांमुळे पॅटर्न शॉप भरपूर आहेत, आणि अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब ठेवणारा कारागीर तिथे मिळेल. मात्र त्याला आधी होडी दाखवावी, कारण कागदावरच्या मापावरून हे काम होत नाही.

५ मिमी जाडीचे दोन थर घ्यावेत. एकूण १० मिमी जाडी दिसायला पुरते आणि केबिनमध्ये पुढे येत नाही. ८ मिमीचा बाक ही फार मोठी गोष्ट नाही. १० मिमीची तयार चौकटसुद्धा स्क्रूंनी दाबून तेवढी वाकेल. पण ती सतत सरळ होऊ पाहते, सगळा ताण कोपऱ्यांच्या सांध्यांवर येतो आणि काही महिन्यांत तिथे केसाएवढी फट दिसू लागते. म्हणून दोन्ही थर चिकटवतानाच बाक द्यावा. साचा वेगळा करण्याची गरज नाही. केबिनची भिंतच साचा समजून तिच्यावर प्लास्टिकचा कागद लावावा, त्यावर दोन्ही थर मध्ये इपॉक्सी लावून ठेवावेत आणि खिडकीच्या भोकातून क्लॅम्प घालून आवळावेत. रेक्झिन बदलणार असाल तर हे काम नवे रेक्झिन लावण्याआधी करावे आणि त्याची जाडी भरून काढण्यासाठी तेवढाच पातळ फोम कागदाखाली ठेवावा.

सागवान तेलकट असते. चिकटवण्यापूर्वी दोन्ही पृष्ठभाग अ‍ॅसिटोनने पुसावेत आणि ते उडून गेले की लगेच इपॉक्सी लावावे. अ‍ॅसिटोनचे फडके तावदानाजवळ नेऊ नये, अ‍ॅक्रिलिक त्याने क्षणात खराब होते. जुलैच्या दमट हवेत इपॉक्सीवर चिकट, मेणचट साय येते. ती पाण्याने आणि घासणीने धुऊन, वाळवून मगच पुढचा हात द्यावा.

सुकल्यानंतर मागच्या बाजूने प्रत्येक नटासाठी गोल खळगा करून घ्यावा, म्हणजे चौकट भिंतीला टेकेल आणि नट आत लपतील. १० मिमी लाकडात ७ मिमीपेक्षा खोल जाऊ नये. बोल्टांची टोके जास्त लांब असतील तर ती आधी कापून घ्यावीत. आतल्या कडेला भोकाच्या काठावर ३ मिमी पुढे येईल एवढी ओठासारखी पट्टी ठेवली, तर इपॉक्सीची कडही झाकली जाते आणि रबरी पट्टी लागतच नाही.

देवबागकरांनी लाकूड काळे पडण्याबद्दल लिहिले आहे, ते खरे आहे. त्याचे मुख्य कारण असे की दर्शनी बाजूला चार-पाच हात देणारे लोक मागची बाजू, खळगे आणि स्क्रूची भोके कोरडी सोडतात. दमटपणा मागून शिरतो आणि चौकट वाकडी होते ती वेगळीच. मागे आणि पुढे सारखेच हात द्यावेत आणि शेवटचा हात मंद चमकेचा ठेवावा. लहान केबिनमध्ये चकचकीत पॉलिशवर ऊन पडले की डोळ्यांना त्रास होतो.

देवबाग

खळगे रंगवले जाणार असतील तर माझा विरोध मागे घेतो. पडद्यांचे उत्तर राहून गेले. केबिनची भिंत वर आत झुकलेली असते, त्यामुळे फक्त वरून टांगलेला पडदा खाली भिंतीपासून सुटून झोके घेतो. वर आणि खाली अशा दोन्ही बाजूंना प्लास्टिकची बारीक रेल लावावी आणि पडद्याच्या दोन्ही कडांना त्यात सरकणारे हूक शिवून घ्यावेत. रेल चौकटीवर न लावता भिंतीवर, चौकटीच्या बाहेर लावावी. अन्यथा चौकट काढायची म्हटली की आधी पडदे उतरवावे लागतील. कापड इचलकरंजीचे सुती घेण्याचा विचार असेल तर ते घरच्या खिडक्यांना शोभेल, होडीत त्याला पावसाळ्यात ठिपके पडतात. बागेतल्या मोठ्या छत्र्यांसाठी आणि होडीवरच्या आच्छादनांसाठी वापरतात ते, धाग्यातच रंग असलेले अ‍ॅक्रिलिक कापड घ्यावे आणि पडदा खिडकीपेक्षा दीडपट रुंद शिवावा. त्याहून जास्त चुण्या घेतल्या तर उघडल्यावर त्याचा गठ्ठा अर्धे तावदान अडवतो.

करवीरचा नाखवा

रेल भिंतीवर लावायची तर तिचे स्क्रू बाहेरच्या फायबरपर्यंत पोहोचणार नाहीत ना?

पॅटर्नवाला

भिंतीची जाडी आता उतरवलेल्या खिडकीच्या कडेवर मोजता येईल. त्यातून बाहेरचा फायबरचा थर वजा करून जे उरेल त्यापेक्षा २ मिमी कमी एवढाच स्क्रू भिंतीत जाऊ द्यावा, आणि ड्रिलच्या बिटवर त्या मापाला चिकटपट्टी गुंडाळून ठेवावी. जिथे प्लाय मऊ निघाला आहे त्या भागात रेलचा स्क्रू इपॉक्सी भरल्यानंतरच मारावा.