शब्दचर्चा : व्यायामाचं व्यसन, वेड की आणखी काही?

पहाटवाट :
आमच्या धावण्याच्या ग्रुपसाठी एक पानभर पत्रक मराठीत लिहायला घेतलंय. विषय 'एक्सरसाइज ॲडिक्शन'. 'व्यायामाचं व्यसन' असा मथळा दिला, तर लगेच हरकत आली. व्यसन दारूचं, तंबाखूचं, जुगाराचं. चांगल्या गोष्टीला तो शब्द लावलात तर जे चार लोक पहाटे उठतात तेही उठायचे बंद होतील, असं एकांचं म्हणणं. 'वेड' लिहा अशीही सूचना आली. पण वेड म्हटलं की कौतुकच होतं. 'पोरीला धावण्याचं वेड आहे' हे आई शेजारणीला अभिमानाने सांगते.

मला सांगायची आहे ती अवस्था वेगळी. नडगी ठणकतेय, डॉक्टरांनी थांबायला सांगितलंय, तरी माणूस दुखण्याची गोळी घेऊन पहाटे बुटाच्या नाड्या आवळतो. घरातलं लग्न दुसऱ्या गावात असेल तर आधी तिथे जवळ जिम आहे का ते बघतो, नसेल तर जायचंच टाळतो. याला मराठीत काय म्हणाल?

रानवारा :
'व्यसन' टाकू नका. दारू-तंबाखूला तो शब्द आज चिकटलाय, पण त्याचा जुना पैस मोठा आहे. संस्कृतात व्यसन म्हणजे संकट, आपत्तीसुद्धा. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाने टाळायच्या 10 कामज व्यसनांची यादी आहे. मद्य आणि फासे त्यात आहेतच, शिवाय शिकार, दिवसाची झोप, गाणं-बजावणं आणि 'वृथाट्या' म्हणजे उगाच भटकणंही आहे. शिकार तर राजाच्या अंगी असायलाच हवी अशी कला! म्हणजे मुळात चांगल्या किंवा निरुपद्रवी गोष्टीचंही व्यसन होतं, हे आपल्याकडे पूर्वीपासून ठाऊक होतं.

दुसरा तयार शब्द 'अतिव्यायाम'. वाग्भटाने अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात सांगितलंय की बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्यानेही थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा, एरवी त्याहून कमी. अतिव्यायामाने तहान, क्षय, धाप, थकवा, खोकला, ताप, उलटी होते, असंही म्हटलंय. पुढचा दाखला तर लख्ख आहे : व्यायाम, जागरण, चालणं वगैरेंचा अतिरेक करणारा माणूस, हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहासारखा नाश पावतो. सिंह दुबळा नाही हे लक्षात घ्या. तो मरतो स्वतःच्या ताकदीच्या भरवशावर.

सांधेदुरुस्ती :
मी फिजिओथेरपिस्ट आहे. दाखला सुंदर, पण 'अतिव्यायाम' इथे चालणार नाही. तो शब्द प्रमाण सांगतो, पकड सांगत नाही. मुंबई मॅरेथॉनची तयारी करणारा आठवड्याला 70 किलोमीटर धावत असेल, तरी ताप आला की निवांत झोपतो आणि शर्यत झाली की पंधरा दिवस पुरणपोळीत रमतो. त्याला व्यसन नाही. उलट रोज तासभरच जिमला जाणारा माणूस त्या तासापायी नोकरी, बायको, झालेली इजा, सगळं बाजूला सारत असेल तर गोष्ट गंभीर आहे.

माझ्याकडे येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ऐकून मला अंदाज येतो. बहुतेक जण विचारतात, 'किती दिवसांत बरं होईल?' काही जण विचारतात, 'तोवर दुसरं काय करू?' त्यांना पाय टेकवू नका म्हटलं तर पोहायला जातात, पोहू नका म्हटलं तर पलंगावर पडल्या पडल्या पोटाचे व्यायाम सुरू. पायाच्या हाडाला ताणाने बारीक चीर पडलेली असते, एक्स-रेत ती सुरुवातीला दिसतही नाही, आणि दिसत नाही म्हणून यांना ती खरी वाटत नाही.

तालीमकर :
कोल्हापूरकडचा आहे, म्हणून एक शब्द सुचवतो : खाडा. आमच्याकडे तालमीत व्यायाम म्हणत नाहीत, 'मेहनत' म्हणतात, आणि मेहनतीला खाडा पडला का, हे वस्ताद विचारतात. बिनखाड्याची मेहनत ही फुशारकीची गोष्ट. पण चांगला वस्तादच एखाद्या पोराला बजावतो, 'आज जोर नको, अंग मळून घे आणि झोप.' मग ते पोर काय करतं ते बघायचं. निमूट झोपलं तर शिस्त आहे. माडीवर जाऊन चोरून बैठका मारल्या तर काहीतरी बिनसलंय. नेम आणि व्यसन यांतला फरक रोजच्या मेहनतीवरून कळत नाही, खाड्याच्या दिवशी कळतो.

सांधेदुरुस्ती :
तालीमकर, तुम्ही अगदी वर्मावर बोट ठेवलंत. या विषयातलं सुरुवातीचं एक संशोधन खाड्याचंच आहे! फ्रेडरिक बेकलंड या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाला व्यायाम महिनाभर बंद ठेवला तर झोपेवर काय परिणाम होतो ते बघायचं होतं. रोज व्यायाम करणारे पैसे देऊनही थांबायला तयार होईनात. शेवटी त्याला आठवड्यातून तीन-चार दिवस करणाऱ्यांवर भागवावं लागलं, आणि त्यांचीही झोप बिघडली, अस्वस्थता वाढली. हे 1970 सालचं. पुढे 1976 मध्ये विल्यम ग्लासर यांनी धावण्याला चांगलं व्यसन ठरवलं, तर 1979 मध्ये विल्यम मॉर्गन यांनी त्याची वाईट बाजू मांडली : बंद पडलं की त्रास होणं, आणि शरीर, नोकरी, नाती नको म्हणत असताना चालूच ठेवणं. पत्रकात एवढ्या दोन खुणा आल्या तरी पुष्कळ.

एक मात्र नक्की लिहा. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या 2013 च्या वर्गीकरणात वर्तनाच्या व्यसनांत फक्त जुगाराला स्वतंत्र निदानाचं स्थान मिळालं, व्यायामाला नाही. तेव्हा कुणालाही 'तुला हा आजार आहे' असं सुनावू नये. आणि कित्येकदा मूळ दुखणं खाण्याचं असतं. खाल्लेलं 'जाळण्यासाठी' धावणं, वजनकाट्याची धास्ती, मुलींची पाळी बंद होणं. पाळी थांबली म्हणजे 'फिट झाले' असं समजणाऱ्या मुली मी पाहिल्यात, फार वाईट वाटतं. हाडं तेव्हाच ठिसूळ व्हायला लागतात. अशा वेळी व्यायामाबद्दल बोलून भागत नाही, डॉक्टर आणि समुपदेशक दोघांकडे न्यावं लागतं.

रानवारा :
मग 'अतिव्यायाम' मागे घेतो. 'आहारी जाणे' कसं वाटतं? त्यात माणूस कर्ता राहत नाही, दुसऱ्याच्या ताब्यात जातो. 'नाद' हलका, 'चटक' जिभेची, 'तलफ' चहा-विडीची. खाडा पडल्यावर जे वाटतं त्याला तलफ म्हणवत नाही. ती रुखरुख आहे, अपराधी वाटणं आहे. आणि 'व्यसनमुक्ती' तर अजिबात नको. दारू कायमची सोडायची असते. व्यायाम कुणाला कायमचा सोडायचा नाही.

सांधेदुरुस्ती :
बरोबर. उपचारातही तेच असतं. काही काळ थांबवतो, मग विश्रांतीचे दिवस ठरवून घेऊन पुन्हा सुरू. 'आटोक्यात आणणे' म्हणा.

पहाटवाट :
सगळ्यांचे मनापासून आभार. मथळा बदलला : 'व्यायामाच्या आहारी जाताय का?' खाली पहिलीच ओळ : 'खाडा पडला की तुमचं काय होतं?' आणि त्याखाली तीन प्रश्न : दुखत असताना लपवून करता का, घरच्यांशी त्यावरून वाद होतात का, जेवलेलं फेडायचं म्हणून करता का. 'व्यसन' शब्द मजकुरात एकदा ठेवलाय, रानवारा यांच्या आग्रहाखातर. विश्रांतीच्या दिवसाला मात्र अजून शब्द हवाय. 'सुट्टी' लिहिलं तर ग्रुपमधली मंडळी ती घ्यायला लाजतात. तालीमकर, तुमच्याकडे वस्ताद काय म्हणतात?

तालीमकर :
'अंग धरू दे' म्हणतात. म्हणजे केलेली मेहनत अंगात मुरू दे. तेच लिहा.