मदत हवी आहे: कफाच्या खोकल्याला दोन वेगळी सिरपं दिली तर चालतील का? (सासरे, बीपी आणि शुगर दोन्ही)

फोंड्याची_सून

नमस्कार मंडळी. सासऱ्यांसाठी विचारतेय, वय ७१. पावसाळी सर्दीने सुरुवात झाली, सर्दी गेली आणि खोकला छातीत जाऊन बसला. सकाळी घट्ट, पिवळट कफ पडतो, दिवसभर छाती घरघरते, रात्री आडवं झालं की उबळ येते. ताप नाही, दम लागत नाही, पेज पोटभर घेतात. खोकल्याला अजून आठवडा झालेला नाही.

आमचे डॉक्टर सोमवारी भेटतील. तोवर घरात दोन बाटल्या आहेत. नावं देत नाही, मागचं बारीक अक्षर भिंग लावून वाचलंय ते लिहिते.

पहिली, फार्मसीत "कफाचं द्या" म्हटल्यावर मिळालेली: दर ५ मिलीत टर्ब्युटालिन १.२५ मिग्रॅ, ब्रोमहेक्सिन ४ मिग्रॅ, ग्वायफेनेसिन ५० मिग्रॅ, शिवाय मेन्थॉल.

दुसरी, दिरांच्या खोकल्याच्या वेळची उरलेली: डेक्स्ट्रोमेथॉर्फन, क्लोरफेनिरामिन, फिनाइलेफ्रिन.

शेजारच्या काकी म्हणतात, दिवसा पहिलं दे आणि रात्री दुसरं, म्हणजे झोप तरी लागेल. सासऱ्यांच्या रोजच्या गोळ्या: बीपीला मेटोप्रोलॉल, शुगरला मेटफॉर्मिन, लघवीच्या त्रासाला टॅमसुलोसिन. विचारल्याशिवाय काही द्यायचं नाही म्हणून दोन्ही बाटल्या कपाटातच आहेत. कृपया "काढा द्या" असं उत्तर नको. काढा चालूच आहे, अडुळसा पोरसातच आहे.

डिचोलीचा_बाबू

रात्री कोमट पाण्यात दोन चमचे काजूची फेणी. आमच्या आज्याने जन्मभर दुसरं औषध घेतलं नाही.

म्हापशेकर_फार्मा

बाबूच्या आज्याला नमस्कार, पण दुसऱ्या बाटलीतल्या क्लोरफेनिरामिनने आधीच गुंगी येते. त्यावर फेणी घेऊन ७१ वर्षांचा माणूस रात्री लघवीला उठला तर न्हाणीच्या उंबऱ्यावर पडेल. फेणी बाजूला ठेवूया.

वहिनी, तुम्ही बाटलीमागचं वाचलंत म्हणून नीट उत्तर देता येतंय. काउंटरवर लोक नुसता रंग सांगतात, "ते लाल दे, गेल्या वेळचं".

आधी दुसरी बाटली, कारण ती सरळ बाद आहे. डेक्स्ट्रोमेथॉर्फन खोकल्याची ढासच दाबतं. कोरड्या, त्रासदायक खोकल्याला ते ठीक. तुमच्याकडे कफ सुटतोय आणि तो बाहेर पडायलाच हवा. पहिल्या औषधाने तो पातळ करायचा आणि रात्री दुसऱ्याने खोकणंच बंद करायचं, म्हणजे केर काढायला घ्यायचा आणि दार लावून टाकायचं. क्लोरफेनिरामिनने तोंड-घसा सुकतो, कफही जास्त चिकट होतो. टॅमसुलोसिन चालू आहे म्हणजे प्रोस्टेटचा त्रास असणार. अशा माणसाची लघवी क्लोरफेनिरामिनने अडकू शकते. फिनाइलेफ्रिन नाक मोकळं करण्यासाठी असतं, ते रक्तवाहिन्या आकसवतं आणि बीपी वाढवू शकतं. तीन घटक आणि तिन्ही तुमच्या सासऱ्यांना नकोत.

आता पहिली बाटली. ब्रोमहेक्सिन कफाचा चिकटपणा तोडतं. (गंमत म्हणजे हे औषध अडुळशातल्या व्हॅसिसिनवरूनच तयार झालंय, तेव्हा तुमचा काढा अगदीच वाया जात नाहीये.) पूर्वी पोटात अल्सर झाला असेल तर मात्र ते डॉक्टरांना विचारूनच. ग्वायफेनेसिनही कफ पातळ करायलाच असतं. खरं तर एकट्याने द्यायचं तर मोठ्या माणसाला एका वेळी २०० ते ४०० मिग्रॅ लागतं. या सिरपच्या १० मिलीत भरतं फक्त १००. मिश्र औषधांत हे नेहमीचंच, नावापुरतं सगळं असतं.

अडचण टर्ब्युटालिनची. ते श्वासनलिका रुंद करतं. दमेकऱ्याला, छातीत शिट्टी वाजणाऱ्याला त्याचा उपयोग. नुसत्या कफाला त्याची गरज असतेच असं नाही. त्याने छातीत धडधड होते, हात थरथरतात, शुगर वर जाऊ शकते. आणि मेटोप्रोलॉल बरोबर त्याच्या उलट काम करतं, दोन्ही एकमेकांचा जोर कमी करतात. बाटलीवर "शुगर फ्री" असलं तरी टर्ब्युटालिनचा शुगरवरचा परिणाम टळत नाही, त्यात फक्त साखर नसते.

म्हणून माझं मत: सोमवारची वाट बघू नका, डॉक्टरांना फोन करा आणि एकच विचारा, "टर्ब्युटालिन नसलेलं, फक्त कफ पातळ करणारं काही देऊ का?" मेटोप्रोलॉल स्वतःहून बंद करू नका, हे मुद्दाम सांगतोय. सर्दीच्या गोळ्याही घालू नका, त्यातल्या बऱ्याच गोळ्यांत हेच क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन असतं, वर पॅरासिटामॉल. वेगळी डोलो घेतली की पॅरासिटामॉल दुप्पट.

सत्तरीकर

वरच्यांशी सहमत. भर घालतो. औषध जेवणाच्या चमच्याने देऊ नका, प्रत्येक घरातला चमचा वेगळा. बाटलीच्या मापाच्या टोपणाने द्या. पिवळा कफ म्हणजे लगेच अँटिबायोटिक असंही नाही, साध्या विषाणूच्या खोकल्यातही कफ पिवळा-हिरवा होतो आणि असा खोकला तीन आठवडेसुद्धा रेंगाळतो. पण दोन आठवडे उलटले तर प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी करून घ्या, टीबीसाठी ती फुकट होते. शुगर असलेल्यांना टीबीचा धोका जास्त, त्यामुळे लाजू नका. कफात रक्त, धाप, छातीत दुखणं, जोराचा ताप किंवा म्हातारं माणूस अचानक बरळायला लागणं, यातलं काहीही दिसलं तर सरळ १०८.

फोंड्याची_सून

खूप आभार. म्हापशेकर दादा, डॉक्टरांना फोन लागला. त्यांनीही पहिलाच प्रश्न शिट्टी वाजते का हा विचारला. नाही म्हटल्यावर दोन्ही बाटल्या नको म्हणाले, नुसतं अँब्रॉक्सॉल (कफ पातळ करणारं सिरप) लिहून दिलंय, सोमवारी छाती तपासतील. उशी उंच करून दिल्यावर रात्रही बरी गेली. काकींना कसं सांगायचं हा वेगळा धागा होईल!

एक राहिलंच. माझा मुलगा साडेतीन वर्षांचा, त्यालाही आता खोकला लागलाय. अँब्रॉक्सॉल अर्धं टोपण चालेल का?

म्हापशेकर_फार्मा

नाही. मोठ्यांची बाटली अर्धी करून मुलाला कधीच नाही. २०२५ मध्ये छिंदवाड्यात विषारी सिरपने मुलं दगावली. त्यानंतर केंद्राने पुन्हा बजावलंय: दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं द्यायचीच नाहीत, पाचखालच्यांनाही सहसा नाहीत. तुमच्या दुसऱ्या बाटलीतलं क्लोरफेनिरामिन-फिनाइलेफ्रिनचं मिश्रण तर चार वर्षांखाली चालतच नाही, २०२३ पासून तसं लेबलवर छापायला सांगितलंय. मुलाला कोमट पाणी, पातळ पेज, झोपताना अर्धा चमचा मध (वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही), आणि नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब. वाफेचं भांडं त्याच्यापासून लांब ठेवा, भाजण्याच्या केसेस फार येतात. श्वास भराभर चालला, बरगड्यांखाली खड्डा पडू लागला किंवा पाणी पिईनासा झाला तर लगेच बालरोगतज्ज्ञ.

आणि दिरांची ती जुनी बाटली कपाटात परत ठेवू नका. उघडून किती महिने झाले ते कुणालाच आठवत नसणार.