मदत हवी आहे : कासवाच्या पेटीत दिवे कुठे लावू?

मंडळी, जळगावात राहतो. आफ्रिकन सल्काटाचं पिल्लू आहे (सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद केलेलं, पाळायला बंदी असलेलं स्टार कासव नाही, आधीच सांगतो). प्लायवूडची ४ बाय २ फुटांची पेटी आहे. उन्हाळ्यात इथे हीटरचा प्रश्नच नाही, पण डिसेंबरच्या रात्री पारा १० अंशांच्या आसपास येतो.

उष्णतेचा बल्ब आणि यूव्हीबी (अतिनील किरण देणारी) ट्यूब एकाच टोकाला लावलेत, म्हणजे दुसरं टोक जरा गार राहतं. बल्बखाली पाठीच्या उंचीवर ३५ अंश मिळतात. पण ट्यूब पेटीवरच्या जाळीच्या वर ठेवू की आत? काच यूव्हीबी अडवते हे माहीत आहे, जाळी किती खाते? रात्रीचा सिरॅमिक हीटर (उजेड न देता ऊब देणारा) त्याच टोकाला की मधोमध? आणि थर्मोस्टॅटचा सेन्सर कुठे टांगायचा? आई म्हणते, गोणपाट टाक वरून, झालं! कुणाची अशी पेटी असेल तर फोटो टाका ना.