साहसकथा लिहायला रान पाहिलेलं असावंच लागतं?

रानवाट: मुलांसाठी लिहिणाऱ्याने चार रात्री उघड्यावर काढलेल्या असाव्यात, असं माझं ठाम मत. घरबसल्या लिहिणारा ठिणगी पाडतो आणि पुढच्याच वाक्यात शेकोटी धडधडते. ठिणगीने लाकूड पेटत नाही हो! आधी केसांसारखी पिंजलेली कोरडी साल, मग काडेपेटीतल्या काडीएवढ्या काटक्या, मग पेन्सिलीएवढ्या, मग अंगठ्याएवढ्या. मधली जाडी गाळली की जाळ विझतो. काय बिघडतं हे ज्याला ठाऊक, त्यालाच कथानक सापडतं.

कागदी वाघ: त्याला रान कशाला, हिशेब पुरतो. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथचा डोंगरात चालायला किती वेळ लागेल हे सांगणारा १८९२ चा नियम घ्या: ५ किमीला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक. १५ किमी आणि ९०० मीटर चढ म्हणजे साडेचार तास, तेही न थांबता. नायक न्याहारीआधी पोचत असेल तर ते टेबलाशी बसूनही पकडता येतं. उलट मुरलेले भटके गाठी बांधण्यातच तीन पानं घालवतात.

रानवाट: नियम वेळ सांगतो, बोटं बधिर झाल्यावर काडी धरता येत नाही हे सांगत नाही. अमेरिकन लेखक जॅक लंडन १८९७ मध्ये कॅनडातल्या गोठवणाऱ्या क्लोंडाइकला गेले, हिवाळा तिथे काढला. म्हणूनच बर्फाने लदलेल्या झाडाखाली पेटवलेली आग वरून बर्फ कोसळून विझते, हे त्यांच्या 'टु बिल्ड अ फायर' या कथेत आलं.

कात्री: उदाहरण तुमच्याच अंगावर येतंय. ती कथा त्यांनी दोनदा लिहिली. १९०२ मध्ये किशोरांच्या साप्ताहिकासाठी: नायक वाचतो, एकट्याने जाऊ नये हा धडा घेतो. १९०८ मध्ये मोठ्यांसाठी: नायक मरतो. आग दोन्हीकडे तशीच विझते. अनुभव एकच, वाचक कोण, यावर शेवट ठरला. आणि अनुभव शिळाही होतो. सर्पदंशावर चीर देऊन रक्त चोखणं जुन्या साहसकथांत सर्रास दिसतं. आज ते चूक मानतात. अवयव न हलवता थेट रुग्णालय गाठायचं. मुलं वाचलेलं करून बघतात, हे विसरू नका.

रानवाट: सर्पदंशाचं मान्य. पण फांदीवरचा बर्फ घरात बसून सुचला असता?

कागदी वाघ: तंबू ठोकण्याआधी वर बघा, हे मुक्कामाच्या कुठल्याही धड मार्गदर्शिकेत असतं.