गॅरेजची किल्ली कुणाकडं आहे? बॅटरी चार्ज होईना

बंडू (सध्या कोल्हापुरात)

मंडळी, मी अजून मंगळवार पेठेतच आहे. इथं सकाळचे साडेनऊ, म्हणजे तिकडं कॅनडात, एडमंटनात आदल्या रात्रीचे नऊ. कालपास्नं अ‍ॅपवर तिकडच्या माझ्या गॅरेजातली बॅटरी १९ टक्क्यांवर अडकलीय. दुपारी ऊन होतं, सोलर पॅनेल दीड किलोवॅटपर्यंत गेले, पण बॅटरीत शून्य. खाली लाल अक्षरात: सेल तापमान उणे ६, चार्जिंग बंद. येताना गॅरेजात हीटर लावून आलोय, थर्मोस्टॅट ८ वर. मग हे कसं?

मंडळाच्या दिवाळीच्या भांड्यांसाठी किल्ली दिलेली, ती कुणाकडं आहे? वीज गेली तर फर्नेसचा, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीचा, पंखा त्याच बॅटरीवर चालतो. पाइप फुटले तर मी इथनं काय करणार? बाबा म्हणतात, बॅटरीवर वाकळ टाकायला सांग.

तात्या

बंड्या, बॅटरी गेली समज. पॅनेलला थंडी मानवते, उलट जास्त चालतात, म्हणजे दोष बॅटरीचाच. मी तेव्हाच सांगत होतो, साधी लेड-अ‍ॅसिड घे. आपल्याकडं जिन्याखाली वर्षानुवर्षं असते, डिस्टिल्ड वॉटर घातलं की झालं.

अण्णा

तात्या, कोल्हापुरात १४ डिग्रीला लोक कानटोपी घालतात. इथं बाहेर उणे ३१ आहे.

बंडू, बॅटरी ठणठणीत आहे, ती शहाणपणा करतेय. तुझ्यासारखी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर लिथियम सेलमधल्या ग्राफाइटच्या आत शिरायचं सोडून वर धातूचा थर होऊन बसतं. क्षमता कायमची जाते, पुढं आत शॉर्टही होऊ शकतो. म्हणून तिचं सर्किटच चार्जिंग अडवतं. वीज काढून घेणं मात्र साधारण उणे २० पर्यंत चालतं. त्यामुळं १९ टक्के आहेत तोवर पंखा फिरेल. प्रश्न एवढाच, हीटर का बंद पडला.

वाकळ नको. वाकळ ऊब धरते, तयार करत नाही, आणि पेटीला हवा लागते. बाबांना नमस्कार सांग.

आणि लेड-अ‍ॅसिड उतरली की आत बहुतेक पाणीच उरतं. या थंडीत ती गोठून पेटीच फुटते.

आप्पा

तात्यांच्या "थंडी मानवते"वर थोडं. मानवते, पण त्यात गोम आहे. माझे १२ पॅनेल एका स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकामागं एक जोडलेले, प्रत्येकी ४१ व्होल्ट, म्हणजे ४९२. हा आकडा २५ डिग्रीचा. दर डिग्री उतरली की सुमारे ०.२७ टक्के व्होल्टेज चढतं. उणे ३५ ला ते ५७२ होतं. मी हौसेनं तेरावा पॅनेल जोडला. हिशेब होतो ६१९, आणि इन्व्हर्टरची मर्यादा ६००. फेब्रुवारीतल्या एका लख्ख सकाळी इन्व्हर्टरनं अंग टाकलं. तेरावा आता शेडवर एकटा बसलाय.

लेड-अ‍ॅसिडचं म्हणाल तर २०१९ च्या पुरात शाहूपुरीतल्या घरी मी आणि मेव्हण्यानं ती माळ्यावर चढवली. साठेक किलो. त्या पॅन्टला अजून भोकं आहेत.

अक्का

हे सगळं वाचून मला १३ जानेवारी २०२४ ची संध्याकाळ आठवली. सगळ्यांचे फोन एकदम बोंबलले, अल्बर्टाची वीज कमी पडतेय, लागेल तेवढीच वापरा. मी तांबडा रस्सा अर्ध्यात बंद केला. पॅनेल होते, पण अंधार पडून गेलेला. खरी कसोटी संध्याकाळी लागते, म्हणून बंडूची काळजी बरोबर आहे.

आमच्या पोराला फावडं घेऊन पाठवू का, छतावरचा बर्फ काढायला? आणि किल्ली मिळाली तर मोठं पातेलं पण आणा, संक्रांत तोंडावर आली.

अण्णा

अक्का, फावडं अजिबात नको, काच जाईल. गरम पाणी तर त्याहून नको, तडकेल. फोमचा लांब दांड्याचा रेक माझ्याकडं आहे, जमिनीवरूनच ओढायचा. पण पॅनेल चालतायत, तर बर्फ हा मुद्दाच नाही.

खजिनदार

सदर किल्ली मंडळाच्या ताब्यात असून ती कार्यकारिणीच्या परवानगीशिवाय दिली जात नाही. गॅरेज बंडूचं असलं तरी आतली भांडी मंडळाची आहेत. परवाच मी यादीप्रमाणे सगळी मोजून आलो.

अक्का

परवा? मग हीटर चालू होता का?

बंडू

व्हय, तेच विचारतोय. अ‍ॅपमध्ये तापमान परवापासूनच उतरतंय.

खजिनदार

आत्ताच जाऊन आलो. परवा मोजणीला दोन तास लागणार होते, तेवढ्यात गाडी गोठेल म्हणून तिचा ब्लॉक हीटर, म्हणजे इंजिन ऊबदार ठेवणारा, लावला. भिंतीवर सॉकेट एकच. गॅरेजच्या हीटरचा प्लग मीच काढला, आणि निघताना आपली वायर गुंडाळली, पण तो परत लावायचा राहिला. तो तिथंच लोंबत होता. भिंतीवरचं थर्मामीटर उणे १४. पेटीजवळ वाकलो तर माझ्या श्वासाचं दव तिच्यावर पडून जागीच गोठलं. आता हीटर सुरू केलाय. गाडीसाठी कपाटातल्या दिव्यांच्या माळेच्या वायरवर दोन्ही लावू का?

अण्णा

नको! दीड हजार वॅटचा हीटर १२० व्होल्टवर साडेबारा अँपिअर ओढतो, ती वायर जळेल. गाडी घेऊन घरी जा. बंडू, लगेच चार्ज होणार नाही. हवा तासाभरात तापेल, पण आतल्या सेलना अख्खी रात्र लागेल. ग्रिडवरून जबरदस्ती चार्ज करू नकोस.

बंडू

इथं रात्रीचे साडेअकरा. सेल अधिक ५, टक्के २१, आणि आकडा हलतोय. खजिनदारसाहेब, आभार. किल्ली तुमच्याकडंच ठेवा, पण त्या सॉकेटवर चिकटपट्टी लावून लिहा: काढू नये.

अक्का

पातेलं मिळालं. झाकण कुठंय?