पडण्यापासून सुरुवात

आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचं घराणं मालवण तालुक्यातल्या वराडचं, म्हणून कौतुक ठीकच. पण ते ‘डॉक्टरकी सोडून थेट पंतप्रधान’ झाले, असं जे म्हटलं जातं ते पटलं नाही. १९९९ साली, वैद्यकीचं शिक्षण चालू असतानाच विसाव्या वर्षी स्थानिक निवडणुकीला उभे राहिले आणि सपशेल आपटले. २००३ला फिंगल काउंटी कौन्सिलवर, म्हणजे तिथल्या स्थानिक परिषदेवर आले, तेही रिकाम्या जागेवर नेमणुकीने. खरी चुणूक दिसली २००४मध्ये. तिकडे मतपत्रिकेवर पसंतीक्रम लिहितात. त्यात पहिल्या पसंतीची ४,८९४ मतं, त्या वर्षी देशात सर्वाधिक! २००७ला डब्लिन वेस्टमधून खासदार. जीभ मात्र सैल. २०१०मध्ये तेव्हाचे, विरोधी पक्षाचे पंतप्रधान कॉवेन यांना टोमणा मारायला तुलना केली ती गॅरेट फिट्झजेराल्ड यांच्याशी, म्हणजे स्वतःच्याच पक्षाच्या माजी पंतप्रधानांशी. पक्षातले ज्येष्ठ भडकणारच की!